वाचकांचे प्रश्न: घरचं फिल्म डेव्हलपिंग आणि बारीक ग्रेन

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांत विचारणा एकच आहे: ग्रेन (प्रिंटवर दिसणारा रवाळपणा) बारीक कसा येईल? उत्तरांत दिलेल्या वेळा 35 मिमी रोल, उलटसुलट करायचा छोटा टँक आणि नेहमीचा कॉन्ट्रास्ट धरून आहेत.

प्रश्न: एफपी-4 प्लस फिल्म वापरतो, डी-76 डेव्हलपरमध्ये धुतो. 8 x 10 इंचांच्या प्रिंटवर आकाश रवाळ दिसतं. निगेटिव्ह पातळ येऊ नये म्हणून एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) एक्स्पोजर देतो आणि डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं जास्त ठेवतो. कोणता फाइन ग्रेन डेव्हलपर घेऊ?
— वाचक, सातारा

नवा डेव्हलपर घेऊ नका, आधी ते जास्तीचं एक्स्पोजर आणि जास्तीची दोन मिनिटं काढून टाका. रवाळपणाचं कारण तिथेच आहे. प्रिंटवर जो ग्रेन दिसतो तो चांदीच्या सुट्या कणांचा नसून एकमेकांवर चढलेल्या कणांच्या पुंजक्यांचा असतो. निगेटिव्हमधला जो भाग दाट, तिथे पुंजके मोठे. आकाश हा निगेटिव्हमधला सगळ्यात दाट भाग आणि शिवाय सपाट, त्यामुळे ग्रेन आधी तिथेच दिसतो. जास्त एक्स्पोजरने दाटपणा वाढतो आणि जास्त वेळाने तो आणखी चढतो. तुम्ही दोन्ही एकदम करताय.

एफपी-4 प्लस 125 लाच (तिच्या छापील वेगालाच) मोजा. डी-76 किंवा आयडी-11 (दोन्ही व्यवहारात एकच) साठी 20 अंशांना नेमक्या वेळा अशा: स्टॉक (पातळ न केलेला) साडेआठ मिनिटं, 1+1 (एक भाग स्टॉक, एक भाग पाणी) अकरा मिनिटं, 1+3 वीस मिनिटं. तीव्र उन्हात काढलेला रोल असेल तर यातून दहा-पंधरा टक्के कमीच करा. कॉन्ट्रास्ट हवा असेल तर तो प्रिंट करताना कागदाच्या ग्रेडने मिळवा. निगेटिव्ह मऊ राहिलेलं बरं. (एक्सपी-2 सुपर वापरणाऱ्यांनी मात्र हे स्वतःला लावून घेऊ नये. ती फिल्म कलर रोलच्या सी-41 प्रक्रियेत धुतात, तिची प्रतिमा रंगद्रव्याची असते आणि तिच्यात थोड्या जास्त एक्स्पोजरने ग्रेन उलट कमी दिसतो.)

एवढं करूनही समाधान झालं नाही तर स्टॉक डी-76 वापरून बघा. त्यात लिटरला 100 ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. इतक्या प्रमाणात ते चांदीच्या क्षाराच्या कणांच्या कडा हळूहळू विरघळवतं, त्यामुळे ग्रेन गुळगुळीत होतो. 1+1 केलं की सल्फाइट निम्म्यावर येतं, 1+3 ला पावावर. तिथे ग्रेन किंचित उठून दिसतो, पण कडा जास्त धारदार येतात. परसेप्टॉलसारखे खास फाइन ग्रेन डेव्हलपर याच दिशेने पुढे जातात. त्यांची किंमत म्हणजे अर्धा ते एक स्टॉप वेग. 125 ची फिल्म 64 समजून वापरायची तयारी असेल तरच ते घ्या.

आणि एक हिशेब. 35 मिमी निगेटिव्हवरून 8 x 10 म्हणजे साधारण साडेआठ पट वाढ. 120 रोलच्या 6 x 6 फ्रेमवरून तीच प्रिंट साडेचार पटींत होते. डेव्हलपर बदलून एवढा फरक कधीही पडत नाही.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे नळाचं पाणी 33-34 अंशांवर असतं. पुस्तकात 20 अंश लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात रोल धुवायचेच नाहीत का?
— वाचक, सोलापूर

जरूर धुवा, फक्त 20 चा हट्ट सोडा. आपल्याकडे 24 अंश हे जास्त सोयीचं तापमान आहे. टब भरून पाणी 24 वर आणणं आणि तासभर तिथे टिकवणं जमतं. 20 वर आणलेलं पाणी मात्र बघता बघता वर चढतं, आणि रोल धुताना चढलेलं तापमान कळतही नाही.

वेळेचा अंदाज असा: दर अंशाला सुमारे दहा टक्के वेळ कमी. 20 ला अकरा मिनिटं असतील तर 24 ला साडेसातच्या आसपास. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका. इतक्या कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि आकाशात पट्टे उमटतात. म्हणूनच तापमान 26-27 च्या खाली येतच नसेल तर 1+3 हा चांगला मार्ग आहे. 20 अंशांची वीस मिनिटं 26 ला साडेदहा-अकराच्या घरात येतात. मात्र दर रोलमागे निदान 100 मिली स्टॉक हवाच, म्हणजे 1+3 ला 400 मिली द्रावण. पॅटरसनच्या टँकला एका 35 मिमी रोलसाठी 290 मिली पुरतं, पण इथे दोन रीळ मावणारा मोठा टँक घ्या आणि वर एक रिकामं रीळ ठेवा, नाहीतर रोल दांड्यावर वर सरकतो.

टबची मांडणी: दहा-बारा लिटर पाणी, त्यात डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) आणि फिक्सर (उरलेला चांदीचा क्षार काढणारं द्रावण) यांच्या बाटल्या गळ्यापर्यंत बुडलेल्या, शेजारी धुण्यासाठी भरलेली दोन भांडी. बर्फ सुटा टाकायचा नाही, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचा, म्हणजे हवं तेव्हा उचलता येतो. पाणी 22-23 वर आलं की पिशवी काढा. बाटल्यांतलं तापमान टबपेक्षा दहा-पंधरा मिनिटं मागे असतं, म्हणून थर्मामीटर टबात नाही, डेव्हलपरच्या बाटलीत बुडवून बघा. टँक भरल्यावर दर मिनिटाला हलवून झाला की परत टबात ठेवा. तळहाताची ऊबसुद्धा छोटा टँक तापवायला पुरते.

पुष्कळ जण डेव्हलपर सांभाळतात आणि शेवटी फिल्म थेट नळाखाली धरतात. 24 वरून 34 च्या पाण्यात गेलेलं जिलेटिन एकदम फुगतं. मग सुरकुत्यांचं जाळं पडतं, आणि ते फार हलकं असलं तर नुसता ग्रेन वाढल्यासारखं दिसतं. सगळी द्रावणं एकमेकांपासून एक-दोन अंशांत आणि धुण्याचं पाणी फार तर चार-पाच अंशांत ठेवा.

फिक्सरमध्ये तुरटी टाकावी का, असंही तुम्ही विचारलं आहे. तुरटीने जिलेटिन कडक होतं हे खरं आहे, जुने हार्डनिंग फिक्सर त्यावरच चालत. पण तिला आम्लता आणि सल्फाइट यांचा नेमका मेळ लागतो. साध्या फिक्सरमध्ये खडा टाकलात तर गढूळ साका बसेल. आजच्या नामांकित फिल्म कारखान्यातच कडक केलेल्या असतात, 24 ला तुरटीची गरज नाही.

प्रश्न: डी-76 सुटी रसायनं आणून घरी करता येतो का? प्रमाण आणि कृती द्या.
— वाचक, पुणे

येतो. कोडॅकने तो 1927 साली सिनेमाच्या फिल्मसाठी आणला आणि त्याचं सूत्र छापलेलं आहे:

पाणी (सुमारे 50 अंश) 750 मिली
मेटॉल 2 ग्रॅम
सोडियम सल्फाइट, निर्जल 100 ग्रॅम
हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम
टाकणखार (बोरॅक्स) 2 ग्रॅम
थंड पाणी घालून एकूण 1 लिटर

क्रम बदलायचा नाही. मेटॉल सल्फाइटच्या दाट द्रावणात विरघळत नाही, म्हणून सल्फाइट आधी टाकलंत तर पांढरे कण तरंगत राहतील. उलट, नुसत्या पाण्यात मेटॉल हवेने खराब होऊ लागतं. यातला मार्ग म्हणजे आधी सल्फाइटची एक चिमूट, मग मेटॉल पूर्ण विरघळेपर्यंत ढवळणं, मग उरलेलं सल्फाइट थोडंथोडं, मग हायड्रोक्विनोन, शेवटी टाकणखार. ढवळताना फेस काढू नका, हवा मिसळते. तयार द्रावण स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असतं. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा.

पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीच्या दुकानातलं 'डिस्टिल्ड' किंवा 'डिमिनरलाइज्ड' पाणी चालतं, पण लेबल नीट वाचा. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. काटा 0.1 ग्रॅम दाखवणारा हवा. सल्फाइट दोन-तीन ग्रॅमने इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, पण टाकणखार दोनऐवजी तीन ग्रॅम पडला तर डेव्हलपर जोरकस होतो.

खरेदीत खरी चूक होते ती सल्फाइटमध्ये. सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन वेगळी रसायनं आहेत, आणि केमिकलच्या दुकानात घाईत एकाऐवजी दुसरं हातात पडतं. सल्फाइड पिवळट-तांबूस पापुद्र्यांच्या रूपात येतं आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. ते घरात आणूच नका, आम्लाशी त्याचा विषारी वायू होतो. पांढरी पूड सल्फाइट आहे की सल्फेट, हे ओळखायला पाव कप पाण्यात चमचाभर पूड विरघळवा आणि बीटाडीनचा एक थेंब टाका. तपकिरी रंग लगेच नाहीसा झाला तर सल्फाइट, रंग तसाच राहिला तर सल्फेट. उघड्या डब्यात वर्षानुवर्षं पडलेलं सल्फाइटही हळूहळू सल्फेट होत जातं, म्हणून जुन्या मालालाही हीच परीक्षा लावा, आणि पाच-सहा थेंबांपर्यंत रंग सहज जातो का तेही बघा. डब्यावर 'निर्जल' लिहिलेलं असावं. स्फटिकरूपातलं, सात पाणी-रेणूंचं सल्फाइट मिळालं तर दुप्पट, म्हणजे 200 ग्रॅम घ्यावं लागतं.

बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद केली तर स्टॉक सहा महिने टिकतो, अर्धी रिकामी असेल तर दोन महिने धरा. एक लिटर एका मोठ्या बाटलीत ठेवण्यापेक्षा 250 मिलीच्या चार बाटल्या करा. डी-76 ची एक खोड माहीत असावी: साठवणीत त्याचा अल्कपणा हळूहळू चढतो, त्यामुळे महिन्यापूर्वीचा डेव्हलपर ताज्यापेक्षा जोरात काम करू शकतो आणि कॉन्ट्रास्टबरोबर ग्रेनही वाढतो. 'वेळ तीच, फिल्म तीच, तरी निगेटिव्ह दाट' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. यावरचा उपाय म्हणजे डी-76डी नावाने ओळखलं जाणारं सूत्र: टाकणखार 8 ग्रॅम आणि जोडीला बोरिक ॲसिड 8 ग्रॅम, बाकी सगळं तेच. कॅरमवर टाकायची पूड म्हणून मिळणारं बोरिक शुद्धच असेल असं नाही, केमिकलच्या दुकानातून घ्या.

पाच पदार्थ जमवायचे नसतील तर डी-23 करा: मेटॉल साडेसात ग्रॅम, निर्जल सल्फाइट 100 ग्रॅम, पाणी एक लिटरपर्यंत. बस, एवढंच. ग्रेन बारीक, हायलाइट मऊ, काम जरा सावकाश. नवशिक्याला आम्ही हाच आधी करायला सांगू.

मेटॉलने काहींच्या हाताला खाज आणि पुरळ येतं, आणि एकदा आलं की पुढे थोड्याशा संपर्कानेही येतं. हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. थंड पेयाच्या बाटल्यांत द्रावणं भरू नका, घरात मुलं असोत वा नसोत.

प्रश्न: पावसाळ्यात चेंजिंग बॅगमध्ये (उजेड आत न येऊ देणाऱ्या पिशवीत) रोल रीळावर चढता चढता अडकतो. जोर लावला की चंद्रकोरीसारखे डाग येतात.
— वाचक, मडगाव

डाग फिल्म दुमडल्याचे आहेत, जोर लावणं पूर्ण बंद करा. प्लास्टिकच्या रीळाच्या खाचांत ओल असली की जिलेटिन तिथे चिकटतं. रीळ आदल्या रात्री धुऊन पुसून कोरडं ठेवा आणि वापरण्याआधी हेअर ड्रायरची कोमट हवा द्या. वेटिंग एजंटच्या (फिल्मवर थेंब राहू नयेत म्हणून शेवटी वापरायच्या द्रावणाच्या) पाण्यात रीळ बुडवायची सवय असेल तर सोडा, त्याचा थर वाळून खाचा चिकट होतात. तसं झालंच असेल तर जुन्या टूथब्रशने गरम पाण्यात घासून काढा.

फिल्मचं पुढचं टोक उजेडातच कापून सरळ करा आणि त्याचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल करा. छिद्रातून कापू नका, अर्धवट छिद्राचा दात खाचेत अडतो. बॅगमध्ये हात घालून पाचेक मिनिटं झाली की आतली हवा घामाने दमट होते. तेवढ्यात चढला नाही तर रोल टँकमध्ये टाका, झाकण लावा, हात बाहेर काढून कोरडे करा आणि मग परत सुरू करा. टँकमध्ये मधली नळी बसवलेली हवी, नाहीतर नुसतं झाकण उजेड अडवत नाही.

प्रश्न: वाळलेल्या निगेटिव्हवर पांढुरके ठिपके राहतात. शिवाय काही फ्रेममध्ये अगदी गोल, पारदर्शक टिकल्या दिसतात. बोअरचं पाणी वापरतो.
— वाचक, नागपूर

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पांढुरके ठिपके क्षाराचे. ते फिल्मच्या चकचकीत बाजूला असतील तर तोंडाच्या वाफेने दमट करून मऊ सुती कापडाने निघतात. इमल्शनच्या (चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराच्या) बाजूला असतील तर पुसू नका, डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं भिजवून पुन्हा वाळवा. पुढच्या वेळी सगळी धुलाई बोअरच्या पाण्याने करा, पण शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंट 1+200, म्हणजे 300 मिलीत दीड मिली. जास्त घातलं तर त्याचाच ओशट थर बसतो. भांडी धुण्याचं लिक्विड त्यात सुगंध आणि इतर भर असल्यामुळे टाळा.

गोल पारदर्शक टिकल्या हवेच्या बुडबुड्यांच्या. बुडबुडा चिकटून राहिला तिथे डेव्हलपर पोचलाच नाही, प्रिंटमध्ये तिथे काळा ठिपका येतो. डेव्हलपर ओतल्याबरोबर पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटा करा आणि ओट्यावर दोन-तीनदा ठक्कन आपटा. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चारदा, आणि प्रत्येक वेळी आपटणं आलंच. कॉकटेलसारखा हलवू नका, छिद्रांतून द्रावण जोरात जाऊन फ्रेमच्या कडेला दाट पट्टे पडतात.

प्रश्न: टी-मॅक्स 100 फिल्म धुतल्यावर गुलाबी-जांभळी राहते. डेव्हलपर बिघडला का?
— वाचक, ठाणे

नाही, फिक्सर कमी पडला. या फिल्ममध्ये रंगसंवेदक डाय जास्त असतो आणि चपट्या कणांमुळे ती फिक्स व्हायलाही जास्त वेळ घेते. फिल्मचा कापलेला तुकडा उजेडात घ्या, त्यावर फिक्सरचा एक थेंब ठेवा, अर्ध्या मिनिटाने पूर्ण तुकडा फिक्सरमध्ये बुडवा आणि थेंबाचा डाग बाकी भागात मिसळून दिसेनासा व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. साध्या फिल्मला त्याच्या दुप्पट, टी-मॅक्स आणि डेल्टा या चपट्या कणांच्या फिल्मना तिप्पट वेळ फिक्स करा. ताज्या फिक्सरला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागू लागला की तो फिक्सर संपला. गुलाबी रोल आता उजेडातच ताज्या फिक्सरमध्ये परत घालून नीट धुतला तरी चालतो. किंचित छटा उरली तर प्रिंटला बाधा नाही.

प्रश्न: ग्रेन बारीक म्हणून पॅन एफ प्लस वापरला. रोल पाच-सहा महिने कॅमेऱ्यात होता. निगेटिव्ह फारच पातळ आलं.
— वाचक, कोल्हापूर

आधी फिल्मच्या काठावर कारखान्यातच उमटवलेले आकडे बघा, दर वेळी निदान तिथूनच सुरू करा. आकडे ठसठशीत आणि चित्र पातळ असेल तर एक्स्पोजर कमी. आकडेही फिके असतील तर डेव्हलपिंग कमी. आकडेच नसतील आणि फिल्म काचेसारखी स्वच्छ असेल तर फिक्सर आधी पडला.

पॅन एफ प्लसच्या बाबतीत मात्र फिक्या आकड्यांना आणखी एक कारण असू शकतं. या फिल्मवरची सुप्त प्रतिमा (एक्स्पोजर झालेली, पण अजून न धुतलेली) इतर फिल्मपेक्षा लवकर विरते. इलफर्ड स्वतः एक्स्पोजरनंतर तीन महिन्यांत धुवायला सांगतं, आणि आपल्या उन्हाळ्यात महिन्याच्या आत धुतलेलं बरं. या फिल्मला आयडी-11 स्टॉकमध्ये साडेसहा, 1+1 मध्ये साडेआठ मिनिटं, 20 अंशांना. सावकाश फोटो काढणाऱ्याने पॅन एफऐवजी डेल्टा 100 घ्यावी.

प्रश्न: रोडिनल डेव्हलपरने ग्रेन बारीक होतो का?
— वाचक, डोंबिवली

नाही. त्यात सल्फाइट फार कमी, त्यामुळे कण जसाच्या तसा, कोरीव दिसतो. मंद फिल्मवर तो देखणा वाटतो, 400 वेगाच्या फिल्मवर ठळक. बाटली वर्षानुवर्षं टिकते हा त्याचा मोठा गुण.

प्रश्न: पाणी एक दिवसाआड येतं. रोल वाहत्या पाण्यात अर्धा तास धुणं शक्य नाही. शिवाय वापरलेला फिक्सर टाकायचा कुठे?
— वाचक, लातूर

वाहतं पाणी लागतच नाही. टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटा करा, ओता. परत भरा, दहा वेळा, ओता. तिसऱ्यांदा वीस वेळा. मग वेटिंग एजंट. रॅपिड फिक्सर तुरटीविरहित असेल तर इलफर्डने दिलेली ही पद्धत पुरेशी आहे, आणि 300 मिलीच्या टँकला तिन्ही मिळून लिटरभरही पाणी लागत नाही. आम्ही अशा ठिकाणी चौथं पाणी घेतो, त्यात टँक पाच मिनिटं नुसता ठेवून देतो. साधा हायपो फिक्सर (लिटरला 250 ग्रॅम स्फटिक) वापरत असाल तर आणखी दोन पाणी वाढवा. हायपो विरघळताना पाणी बरंच गार होतं, म्हणून ते कोमट पाण्यात करा. त्यात लिंबूसत्त्व थेट टाकू नका, गंधक सुटून द्रावण दुधाळ होतं. लिंबूसत्त्वाचा स्टॉप बाथ (लिटरला 15 ग्रॅम) वापरलात तर त्याच्यानंतर साध्या पाण्याचं एक विसळण घ्या आणि मगच हायपो ओता.

वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते. तो झाडांना, विहिरीजवळ किंवा सेप्टिक टँकमध्ये ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि हवेशीर जागी त्यात साबण नसलेलं स्टील वूल टाकून ठेवा. लोखंड विरघळत जातं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. आठवड्याने वरचं पाणी निथळून वेगळं करा. गाळ वाळवून जपून ठेवला तर एक्स-रे फिल्ममधून चांदी काढणारे कधीकधी घेतात, पण एकदोन कॅनसाठी कोणी येत नाही, चार-पाच जणांनी मिळून साठवावं लागतं.